दूध पिताना थकणारं बाळ

(मासिक बैठकीत बालरोगतज्ज्ञ म्हणून केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

 

मला विषय दिला होता 'आरोग्य आणि आपला समाज'. एवढ्या मोठ्या विषयावर मी बोलू लागले तर तुम्हाला आणि मला दोघांनाही झोप लागेल. म्हणून मी तो कापून कापून लहान केला. आज मी फक्त एका अवयवाबद्दल बोलणार आहे, तेही माणसाच्या पहिल्या महिन्यातल्या. नवजात बाळाचं हृदय. त्याच्याच मुठीएवढं असतं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. ही गोष्ट 2006 सालच्या डिसेंबरातली. सहा दिवसांचं बाळ घेऊन एक कुटुंब माझ्याकडे आलं. आई, तिची सासू आणि दाराशी उभा असलेला बाप. बाळ गोरंगोमटं, वजन तीन किलोच्या आसपास. आई काही बोलत नव्हती, दादीच बोलली. म्हणाली, "बाई, दूध पीते पीते थक जाताय. पसीना आताय इसकू. और पावां थंडे लगतेत, हातां गरम हैं." मी स्टेथोस्कोप लावला. कुठलाही जादा आवाज आला नाही. थंडीचे दिवस आहेत, पायमोजे घाला, म्हटलं. पाजण्याची पद्धत समजावली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

नवव्या दिवशी पहाटे ते पुन्हा आले. बाळ राखेच्या रंगाचं झालं होतं. आता मी जांघेत बोट लावलं, तर नाडी लागेना. मग कळलं. शरीराच्या खालच्या भागाला रक्त नेणारी महाधमनी एका जागी जन्मतःच चिमटलेली होती. याला आम्ही कोआर्क्टेशन म्हणतो. बाळाला गाडीत घालून पुण्याला निघालो, मीही सोबत होते. खंबाटकी घाट यायच्या आधी ते गेलं.

त्या दादीने मला अर्धं निदान सांगितलं होतं. हात गरम आणि पाय थंड, हे वाक्य आमच्या पुस्तकात असतं. ती शाळेत गेलेली नव्हती. मी एम.डी. होते, आणि मी तिला ऐकलं नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवजात बाळाच्या जांघेत मी दोन्ही बाजूंनी बोट लावून नाडी पाहते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते त्या दिवशी केलं असतं तर तीन दिवस हातात मिळाले असते.

आता हे होतं कसं, ते समजून घेऊ. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. ऑक्सिजन वारेतून, नाळेतून येतो. फुप्फुसं मिटलेली असतात, त्यांच्याकडे सगळं रक्त पाठवून उपयोग नसतो. म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या पडद्यात एक खिडकी असते आणि फुप्फुसाची धमनी व महाधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी असते. तिला डक्टस म्हणतात. जन्मानंतर बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात आणि ही नळी बहुतेक बाळांत दोन-तीन दिवसांत आपोआप मिटते. निरोगी बाळाला तिची गरज संपलेली असते.

पण ज्या बाळाची मूळ रचनाच चुकलेली आहे, त्याचा जीव त्या नळीवर तगून असतो. नळी उघडी असेपर्यंत बाळ छान दिसतं. आजूबाजूचे पेढे वाटतात, कानात अज़ान दिली जाते, आपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतो. आणि घरी गेल्यावर ती नळी मिटते. म्हणून "दवाखान्यात तर ठीक होता, घरी आल्यावर कुणाची तरी नजर लागली" असं जे आपण म्हणतो, त्यातलं पहिलं वाक्य अगदी खरं असतं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण समोर तरुण मुलं दिसताहेत. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून डावीकडे कसं जातं, हा जुना प्रश्न. ग्रीक वैद्य गॅलन म्हणत असे की मधल्या पडद्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. हे हजार वर्षं सगळ्यांनी मानलं. दमास्कसकडचा आणि पुढे कैरोत वैद्यकी केलेला इब्न अल्-नफीस याने 1242 साली इब्न सीनाच्या ग्रंथावर भाष्य लिहिलं. त्यात त्याने स्पष्ट म्हटलं की हा पडदा घट्ट आहे, छिद्र वगैरे काही नाही, रक्त फुप्फुसातून फिरूनच डावीकडे येतं. इब्न सीना केवढा मोठा माणूस! त्याच्यावर भाष्य लिहितानाही याने त्याची चूक दाखवली. जलशांत आपण या नावांचा अभिमान फार सांगतो. अभिमान जरूर असावा, पण त्याने मोठ्या माणसाला प्रश्न विचारला हेही सांगावं. तर निरोगी पडद्यात छिद्र नसतं हे इब्न अल्-नफीसने सांगितलं, आणि काही बाळांच्या पडद्यात ते खरोखरच असतं. त्यालाच आपण 'दिल में सुराख' म्हणतो.

हजार बाळं जन्मली तर साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. आपल्या देशात अशी दोन लाखांहून जास्त बाळं दरवर्षी जन्मतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. म्हणजे उरलेल्या बऱ्याच बाळांना घाई नसते. खालच्या दोन कप्प्यांमधलं छोटं छिद्र पुष्कळदा आपोआप बुजतं. अशा आईबापांना मी सांगते, घरी जा, लसी वेळेवर द्या, दर काही महिन्यांनी इको करा आणि बाळाला बाळासारखं वाढू द्या. त्याला 'कमजोर' म्हणून कोपऱ्यात बसवू नका. सुराख हा शब्द ऐकून घर विकायला निघालेला माणूस मी पाहिलाय, आणि मुलाचं छिद्र मोहरीएवढं होतं.

मोठं छिद्र असेल तर गोष्ट वेगळी. हे बाळ निळं पडत नाही, म्हणून फसवतं. पहिले काही आठवडे बरे जातात. मग दीड-दोन महिन्यांत धाप लागायला लागते. दोन घोट पितं, थांबतं, कपाळावर घाम. वजन वाढत नाही. वारंवार न्यूमोनिया. सगळे म्हणतात आईचं दूध पातळ आहे. आईच्या दुधाला आपल्याकडे कशाकशासाठी दोष देतात, त्याची एक यादी मी कधीतरी करणार आहे. खरं तर जादा रक्त फुप्फुसात धडकत असतं. औषधांनी थोडे दिवस सावरता येतं, पण छिद्र शस्त्रक्रियेने बंद करावं लागतं, तेही बहुधा पहिल्या वर्षात, अनेकदा पहिल्या सहा महिन्यांत.

आणि इथे आपल्या समाजात, म्हणजे फक्त मुसलमानांत नव्हे, सगळीकडेच, एक सल्ला मिळतो. "अजून लहान आहे, थोडं अंगात बळ येऊ द्या, मोठा झाल्यावर करू." मायेपोटी दिलेला हा सल्ला जीव घेतो. कारण फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या तो दाब सहन करता करता कडक होतात, आणि एका टप्प्यानंतर मागे फिरता येत नाही. मग मूल निळं पडायला लागतं. त्या अवस्थेत छिद्र बंद करणं हेच धोक्याचं असतं, म्हणून सर्जन हात लावत नाही. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. बापाने एव्हाना पैसे जमवले होते. पिशवीत घेऊनच आला होता. त्याला काय सांगू?

आता निळ्या बाळांकडे येते. फॅलोचा चतुर्दोष म्हणून एक प्रकार आहे, चार बिघाड एकत्र असलेला. फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. रडल्यावर, दूध पिताना अचानक बाळ जांभळं होतं, श्वास जोरात चालतो, मान टाकतं. असं झालं तर घाबरून त्याला उभं धरून हलवू नका. त्याचे गुडघे छातीशी दुमडून धरा, शांत करा आणि दवाखाना गाठा. मोठी मुलं खेळता खेळता आपणहून उकिडवी बसतात, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हे आजीबाईच्या बटव्यातलं नव्हे, याला शास्त्र आहे. उकिडवं बसल्याने जादा रक्त फुप्फुसाकडे वळतं.

या बाळांवरची पहिली शस्त्रक्रिया 29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये झाली. कल्पना हेलन टॉसिग या बाईंची. त्यांना नीट ऐकू येत नसे, म्हणून बाळाच्या छातीवर बोटं ठेवून त्या हृदय 'ऐकत'. शस्त्रक्रिया केली आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी. आणि त्यांच्या मागे एका स्टुलावर उभं राहून टाका कुठे घ्यायचा हे सांगत होते व्हिव्हियन थॉमस. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसवली होती. ते कृष्णवर्णीय होते, वैद्यकीय पदवी नव्हती, आणि हुद्दा व पगार सफाई कामगाराचा. कित्येक वर्षं या शस्त्रक्रियेला ब्लॅलॉक-टॉसिग एवढंच नाव होतं. आता बरेच डॉक्टर थॉमस यांचंही नाव घेतात. आपल्या चळवळीतल्या लोकांना हे सांगायला नको की नाव उशिरा का येतं. आज बहुतेक चतुर्दोषाच्या बाळांची पूर्ण दुरुस्ती वर्षाच्या आतबाहेर होते. ती शाळेत जातात, नोकरी करतात. काहींना तरुणपणी फुप्फुसाची झडप बदलावी लागते, एवढं लक्षात ठेवायचं.

दुसरी गोष्ट सांगते, ती गोड आहे. पण तीही सहज झाली नाही.

2015 साली इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराला मुलगी झाली. तिसरी मुलगी. तोवर मी एक नियम केला होता. जन्मानंतर चोवीस तास उलटले की घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावायचा. कोविडमध्ये तुम्ही सगळ्यांनी ते यंत्र पाहिलंय. फक्त बाळासाठी वेगळा, पट्टीसारखा गुंडाळायचा प्रोब लागतो. मोठ्या माणसाचा चिमटा चालत नाही. दोन्हीकडे आकडा 95 किंवा त्याहून वर हवा, आणि हातापायांत 3 पेक्षा जास्त फरक नको. मधलाच काही आकडा आला तर तासाभराने पुन्हा पाहायचं. 90 च्या खाली कुठेही असेल तर लगेच इको.

ती मुलगी मस्त होती. दूध पीत होती, रडत होती, आवाज खणखणीत. स्टेथोस्कोपला काही नाही. सावळी होती, त्यामुळे निळेपणा डोळ्यांना कळत नव्हता. आपल्या रंगाच्या बाळांमध्ये ओठांपेक्षा जीभ पाहावी. सिस्टरने प्रोब लावला आणि म्हणाली, "मॅडम, मशीन बिघडलंय, 72 दाखवतंय." मशीन बिघडलेलं नव्हतं. पायालाही तेवढंच.

तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली होती. फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच, आणि शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरातच. दोन वेगळी चक्रं. मध्ये ती खिडकी आणि ती नळी आहे तोवर थोडी सरमिसळ, तेवढ्यावर जीव. उपचार न मिळाल्यास अशी निम्मी बाळं पहिल्या महिन्यातच जातात, आणि दहातलं जेमतेम एक वर्ष पाहतं. हे जुने आकडे, शस्त्रक्रिया नव्हती तेव्हाचे. पण जिथे उपचार पोचत नाहीत तिथे आजही तेच.

प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध आहे. सलाइनमधून थेंबाथेंबाने सतत द्यायचं, ते ती नळी उघडी ठेवतं. 2006 साली माझ्या फ्रिजमध्ये ते नव्हतं. 2015 साली होतं. या औषधाने कधी कधी बाळाचा श्वासच थांबतो, म्हणून सोबत श्वास देऊ शकणारं माणूस पाहिजे. आम्ही गाडी बोलावली. आणि मुलीची दादी दारात आडवी आली. ती दुष्ट नव्हती, हे आधी सांगते. म्हणाली, "डॉक्टरनी, दो बेटियां हैं घर में. बेटा कर्ज में डूब जाएगा. नसीब में जो है सो है."

मी तिला तवक्कुलवर प्रवचन दिलं नाही. तेवढा वेळ नव्हता. आधी उंट बांध आणि मग अल्लावर भरवसा ठेव, ही हदीस तिलाही माहीत होती. मी एवढंच विचारलं, "मुलगा असता तर?" ती गप्प झाली. मुलीची आई, जिला दीड दिवसात कुणी काही विचारलं नव्हतं, कॉटवरून उतरली आणि चप्पल शोधायला लागली.

मी मुद्दाम सांगते, कारण हा एका दादीचा प्रश्न नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेचा सल्ला दिलेल्या मुलांपैकी किती जणांची ती खरोखर झाली, हे पाहिलं. मुली बऱ्याच मागे होत्या. आईबापांच्या मनात पैशांबरोबर आणखी एक भीती असते, छातीवरच्या व्रणाची. लग्न कोण करील? अहो, जिवंत असेल तर करील कुणीतरी, आणि नाही केलं तरी जिवंत असेल.

वाटेत कराडच्या पुढे एकदा तिचा श्वास थांबला. सिस्टरने पिशवीने श्वास दिला. त्याच रात्री तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाने मांडीच्या शिरेतून एक फुगा हृदयापर्यंत नेला, खिडकीपलीकडे फुगवला आणि झटक्यात ओढून खिडकी मोठी केली. ही युक्ती विल्यम रॅशकिंड यांनी 1966 साली काढली. अंगावर काटा येतो ऐकून, पण बाळाचा आकडा पाहता पाहता 80 च्या वर गेला. मग नवव्या दिवशी मोठी शस्त्रक्रिया. दोन्ही वाहिन्या कापून जागच्या जागी बदलायच्या, आणि हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या, जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या धमन्याही उचलून नव्या जागी शिवायच्या. ब्राझीलच्या आदिब जातेने यांनी 1975 साली ती पहिल्यांदा यशस्वी केली. साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच ती करावी लागते. उशीर झाला तर डावा कप्पा कमी दाबावर काम करून करून ढिला पडतो आणि पूर्ण शरीराचा भार पेलू शकत नाही. अनुभवी केंद्रात शंभरांतली पंचाण्णव किंवा जास्त बाळं यातून वाचतात. ही मुलगी आता शाळेत खो-खो खेळते. वर्षातून एकदा इको, दातांची काळजी आणि लक्ष. दातांतून जंतू रक्तात जाऊन हृदयात घर करू शकतात, म्हणून दात.

सगळ्यांचं असं होत नाही, हे न सांगणं खोटेपणा होईल. काही बाळांचा डावा कप्पा तयारच झालेला नसतो. त्यांना तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया लागतात आणि त्यानंतरही अर्ध्या हृदयाचं आयुष्य असतं. आपल्याकडे अशा बाळांचे निकाल अजून कठीण आहेत. काही आईबाप शस्त्रक्रिया नको, बाळाला त्रास न होता जाऊ दे, असं ठरवतात. मी त्यांना दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका.

असा मोठा दोष 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत पुष्कळदा दिसतो. म्हणून ती तपासणी चुकवू नका. 2021 च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर गर्भपाताला आठवड्यांची मर्यादा राहत नाही. शरियतमध्ये 120 दिवसांची चर्चा येते. ते दिवस गर्भधारणेपासून मोजले तर आमच्या हिशोबात 19 आठवडे होतात. म्हणजे तपासणी आणि ही मर्यादा अगदी एकमेकींना लागून आहेत. ज्यांना हा विचार महत्त्वाचा वाटतो त्यांनी तपासणी 'पुढच्या महिन्यात' ढकलू नये. काय करायचं हे ते जोडपं ठरवील, आणि त्यात आधी ती बाई. पुढे न्यायचं ठरलं तरी फायदा आहेच. बाळंतपण कुठे करायचं ते आधी ठरवता येतं. पोटातल्या बाळाची रुग्णवाहिका आई असते, तिच्याइतकी सुरक्षित गाडी नाही.

कारणांबद्दल विचारतात. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. आईला आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला असेल, काही औषधं घेतली असतील तर धोका वाढतो. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. 2018 च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीची मोहीम आली, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरलं आठवतंय ना? ही लस घेतली की मुलं होणार नाहीत म्हणे. ती लस तर पुढच्या पिढीच्या बाळांची हृदयं, डोळे आणि कान वाचवण्यासाठी होती.

आणि नात्यातली लग्नं. चुलत, मावस, मामे-आत्ते भावंडांच्या लग्नात गंभीर जन्मजात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट होतो, शंभरात दोन-तीनऐवजी चार-सहा. हृदयदोषही त्यात येतात. याचा अर्थ शंभरातली चौऱ्याण्णव बाळं ठीक असतात, म्हणून झालेल्या लग्नावरून कुणाला टोचून बोलू नका. पण घराण्यात एक बाळ असं गेलं असेल आणि पुन्हा त्याच दोन घरांत सोयरीक ठरत असेल, तर मध्ये बोला. आणि ही फक्त आपली गोष्ट आहे असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, मामाच्या मुलीवरचा हक्क कुणाकडे सांगतात?

ग्रहणाचं एक राहिलं. ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळात खोट आली, हे मुसलमान घरांतही सुनेला ऐकवलं जातं. हुजूरचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. लोक म्हणू लागले, त्याच्या जाण्याने सूर्य झाकोळला. तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं की कुणाच्या जन्माने किंवा मरणाने ग्रहण लागत नाही. मांडीवर मूल गेलेला बाप होता तो, डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी त्या घडीला चुकीची समजूत खोडली. ज्या घरातलं बाळ गेलंय तिथे मी हे सांगते. 'रडू नकोस, सब्र कर' म्हणणाऱ्यांनाही सांगते, की त्या दिवशी कोण रडलं होतं.

ताविजाशी माझं भांडण नाही. बांधा. फक्त ते आणायला जाण्यात दिवस घालवू नका, आणि मनगटावर नको, तिथे आम्हाला सुई लावायची असते.

पैशांचं थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेतल्या तपासणीत हृदयदोष सापडला तर पुढची सोय त्यातून होते. महात्मा फुले जनआरोग्य योजना, जी इचलकरंजीच्या त्या मुलीच्या वेळी राजीव गांधी जीवनदायी म्हणून होती, तिच्यात बाळांच्या हृदयशस्त्रक्रिया येतात. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठा. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्ण मोफत होतात, जात-धर्म विचारत नाहीत.

अडतं ते कागदावर. बापाचं नाव एका कागदावर शेख, दुसऱ्यावर शैख, तिसऱ्यावर आडनावच नाही. रेशन कार्डावर बाळाचं नाव नाही, कारण बाळ चार दिवसांचं आहे. 2019-20 मध्ये आपण सगळ्यांनी कागद शोधले, लॅमिनेट केले, कपाटात ठेवले. ते भीतीने केलं होतं. आता जरा कामासाठी करू. जन्माचा दाखला लगेच काढा आणि आईचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का बघा. यासाठी मोहल्ल्यात एक जाणता मुलगा लॅपटॉप घेऊन बसला तरी पुष्कळ.

योजना शस्त्रक्रियेचा खर्च देते. पंधरा दिवस बुडालेली मजुरी, बापाचं जेवण, घरी राहिलेल्या दोन मुलींचं दूध, हे कुणी देत नाही. जकातीचा पैसा कुठे द्यावा असं मला दर रमजानला विचारतात. हे एक उत्तर. दुसरं रक्ताचं. रमजानमध्ये रक्तदाते आटतात आणि बाळांच्या शस्त्रक्रिया काही थांबत नाहीत. इफ्तारनंतर देता येतं. मागच्या खुर्च्यांवरच्या भावांकडे बघून बोलतेय.

2003 साली भारत-पाकिस्तानमधली बस पुन्हा सुरू झाली, तेव्हा लाहोरहून एक दोन-अडीच वर्षांची मुलगी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आली होती. बंगळुरूला ती झाली आणि ती बरी होऊन परत गेली. देशभरातून लोकांनी तिच्यासाठी पैसे आणि खेळणी पाठवली. तिला एक सरहद्द ओलांडून आणता येते, तर आपल्याला गल्लीतून 108 ची गाडी बोलावता यावी.

माझं संपलं. चहा यायला अजून दहा मिनिटं आहेत. टेबलावर एक बाहुली आणि बाळाचा प्रोब ठेवलाय. नाडी कुठे लागते हे बाहुलीवर जागा दाखवून सांगते. त्या तिसऱ्या रांगेतल्या ताई तीन महिन्यांचं बाळ घेऊन आल्यात, त्यांची हरकत नसेल तर त्याच्यावरही दाखवते. आशाताई कुठे आहेत? आधी आशाताई आणि घरातल्या दाद्या-नान्या पुढे या. भावांनी मागे उभं राहून बघितलं तरी चालेल, पण बघा.